सोबतचा खेळाडू कितीही रेंगाळला तरी न चिडणारा बॉबी जोन्स, तरुणपणी मात्र काठ्या फेकायचा

टीव्हीवर गोल्फ फार शांत खेळ वाटतो. हिरवंगार मैदान, हलक्या टाळ्या, कुजबुजत बोलणारा समालोचक. पण खेळणाऱ्याला विचारा, सगळ्यात जास्त डोकं कशाने फिरतं? तर वाट बघण्याने.

कारण स्पर्धेत तुमच्यासोबत कोण खेळणार हे तुमच्या हातात नसतं. जोड्या आयोजक लावतात. ज्याचा चेंडू होलपासून सगळ्यात लांब, त्याने आधी मारायचं, ही जुनी रीत. तो मारत असताना बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं, हालचाल करायची नाही, त्याच्या चेंडूच्या वाटेवर स्वतःची सावलीही पडू द्यायची नाही. आता हा सोबती वारा पाच वेळा तपासणारा आणि काठी तीनदा बदलणारा निघाला की संपलं. तुमची लय जाते, मग तोल जातो, आणि शेवटी स्कोअर जातो.

अमेरिकेत सिरिल वॉकर नावाचा असाच एक गडी होता. चेंडूजवळचे खडे वेचणार, गवताच्या काड्या उचलणार, मग पुन्हा अंतर बघणार. १९३० च्या लॉस एंजलिस ओपनमध्ये त्याला संथ खेळासाठी बाद केलं, तरी हा मैदान सोडायला तयार नाही. शेवटी पोलिसांनी त्याला उचलून बाहेर नेलं.

पण वॉकर म्हणजे काही ऐरागैरा नव्हता. १९२४ ची यूएस ओपन त्याने जिंकली होती. आणि तेव्हा त्याच्या मागे तीन फटक्यांनी दुसरा आला होता आदल्या वर्षीचा विजेता, बॉबी जोन्स.

हा जोन्स अगदी उलट्या स्वभावाचा. चेंडूजवळ जायचं, एकदा नजर टाकायची, काठी किंचित हलवायची आणि मारायचं. त्याच्या काळातल्या सगळ्यात झटपट खेळणाऱ्यांपैकी तो एक होता. अशा माणसाला रेंगाळणारा सोबती मिळाला तर काय होईल? विशीच्या आधीच्या जोन्सबद्दल विचाराल तर उत्तर सोपं आहे, काठी हवेत उडाली असती.

रॉबर्ट टायर जोन्स ज्युनियर, जन्म १७ मार्च १९०२, गाव अटलांटा, वडील वकील. लहानपणी पोरगं फार अशक्त होतं. घर ईस्ट लेक क्लबच्या मैदानाला लागून होतं आणि तिथे स्ट्युअर्ट मेडन नावाचा स्कॉटिश प्रशिक्षक होता. त्याच्या मागे मागे फिरून, त्याची नक्कल करत बॉबी गोल्फ शिकला. रीतसर शिकवणी अशी जवळजवळ नाहीच.

१९१६ साली, वयाच्या १४ व्या वर्षी, तो मेरियनला राष्ट्रीय हौशी स्पर्धा खेळायला गेला. पहिलाच सामना माजी विजेता एबेन बायर्सशी. दोघेही तापट. फटका चुकला की हा काठी फेकतोय, तोही फेकतोय. जोन्स जिंकला आणि नंतर गमतीने सांगायचा की बायर्सच्या काठ्या आधी संपल्या म्हणून आपण जिंकलो. (हा बायर्स पुढे रेडियम मिसळलेलं औषधी पाणी बाटल्याच्या बाटल्या पिऊन १९३२ मध्ये गेला. ती वेगळीच आणि फार वाईट गोष्ट आहे.)

या रागात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. जोन्स समोरच्यावर चिडत नव्हता, चिडायचा तो स्वतःवर. पण सोबत खेळणाऱ्याला त्याचा काय उपयोग? शेजारी कोणी काठ्या आपटत असेल तर तुमचा खेळ बिघडायचा तो बिघडतोच.

१९२० च्या यूएस ओपनमध्ये १८ वर्षांच्या जोन्सला पात्रता फेरीत सोबती मिळाला हॅरी वॉर्डन. सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेला, पन्नाशीचा, अत्यंत कमी बोलणारा माणूस. एका होलवर जोन्सने अगदी सोपा फटका पार वाया घालवला. लाजेने लाल होत त्याने वॉर्डनला विचारलं की याहून वाईट फटका कधी पाहिलाय का. वॉर्डनने एका शब्दात नाही म्हटलं आणि पुढे चालू लागला. राग नाही, सहानुभूती नाही, सल्ला तर नाहीच.

जोन्सने वॉर्डनला आधीही पाहिलं होतं. १९१३ साली वॉर्डन ईस्ट लेकला प्रदर्शनी सामना खेळायला आला तेव्हा ११ वर्षांचा बॉबी त्याच्या मागे फिरत होता. वॉर्डनच्या खेळात चमत्कार नव्हते. प्रत्येक होलला ठरलेले फटके, म्हणजे पार, आणि पुन्हा पार. तो जणू समोरच्याशी खेळतच नव्हता. ही गोष्ट जोन्सच्या डोक्यात रुजायला मात्र बरीच वर्षं गेली.

मधे आलं १९२१. सेंट अँड्र्यूज, गोल्फची पंढरीच म्हणा. ब्रिटिश ओपनची तिसरी फेरी. पहिल्या नऊ होलना ४६ फटके, दहाव्यावर सहा. अकराव्यावर चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला आणि जोन्सने चेंडू उचलून स्पर्धाच सोडली. त्याच वर्षी अमेरिकेत त्याने फेकलेली काठी उसळून प्रेक्षकांतल्या एका बाईच्या पायाला लागली. गोल्फ संघटनेकडून सुधारण्याची ताकीद आली.

यानंतरचा जोन्स हळूहळू बदलत गेला. त्याची युक्ती साधी होती. आपला खरा प्रतिस्पर्धी म्हणजे पार, त्याला तो म्हातारा पारबुवा समजायचा. हा म्हातारा कधी चमकत नाही आणि कधी चुकत नाही. त्याच्याशी खेळायचं ठरवलं की सोबतचा माणूस भरभर खेळतोय की रेंगाळतोय, याने फरक पडायचं कारण उरत नाही.

परीक्षा घ्यायला वॉल्टर हॅगन होताच. हॅगन व्यावसायिक, रुबाबदार आणि समोरच्याला ताटकळत ठेवण्यात पटाईत. उशिरा यायचं, सोपा फटकाही फार अवघड असल्यासारखा न्याहाळायचा. १९२६ च्या सुरुवातीला फ्लोरिडात या दोघांचा ७२ होलचा सामना झाला आणि जोन्स सपाटून हरला. अजून ११ होल बाकी असतानाच हॅगन १२ होलने पुढे होता. जोन्सने तक्रार केली नाही. हौशी खेळाडू असल्याने त्याला पैसेही मिळणार नव्हते. हॅगनने आपल्या कमाईतून त्याला कफलिंक्सचा जोड भेट दिला. म्हणजे पारबुवाची युक्ती काही रामबाण नव्हती. हरायचा तेव्हा जोन्स भरपूर हरायचा.

पण सोबत्याशी कसं वागावं याची त्याची उदाहरणं याच काळातली.

१९२५ ची यूएस ओपन, पहिली फेरी, सोबतीला हॅगनच. अकराव्या होलला उंच गवतात जोन्सची काठी टेकली आणि चेंडू किंचित हलला. कोणाला दिसलं नाही. जोन्सने स्वतः हॅगनला आणि अधिकाऱ्यांना सांगितलं आणि एक फटका दंड घेतला. चार फेऱ्यांनंतर त्याची विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो एका फटक्याने हरला. म्हणजे दंड घेतला नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती. लोक कौतुक करायला लागले तर तो वैतागायचा. बँक लुटली नाही म्हणून कोणाचं कौतुक करतात का, असं त्याचं म्हणणं.

१९२६ च्या ब्रिटिश ओपनला लायदमला शेवटच्या दिवशी दोन फेऱ्या होत्या. सोबती अल वॉट्रस, जोन्सच्या दोन फटके पुढे. मधल्या सुट्टीत जोन्स त्यालाच आपल्या हॉटेलच्या खोलीवर घेऊन गेला. दोघांनी खाल्लं, आराम केला. परत आल्यावर जोन्सचा बिल्ला राहिलेला, दरवानाने आत सोडेना. जोन्सने वाद घातला नाही, तिकीट काढून आत गेला आणि स्पर्धा जिंकला.

आणि १९२९. यूएस ओपनमध्ये अल एस्पिनोसाशी बरोबरी, रविवारी प्लेऑफ. एस्पिनोसा कॅथलिक, त्याला सकाळी चर्चला जायचं होतं. जोन्सने स्वतःहून आयोजकांना सांगून खेळ तासभर पुढे ढकलायला लावला. समोरच्यासाठी इतकं थांबला आणि मग त्याला २३ फटक्यांनी हरवलं. सभ्यपणा वेगळा आणि दयामाया वेगळी.

१९३० साली त्याने ब्रिटिश हौशी, ब्रिटिश ओपन, यूएस ओपन आणि यूएस हौशी अशा चारही स्पर्धा जिंकल्या. एका वर्षात या चारही दुसऱ्या कोणाला जमलेल्या नाहीत. १९२३ पासूनच्या मोठ्या विजेतेपदांचा आकडा १३ झाला आणि २८ व्या वर्षी तो निवृत्त झाला. इंजिनिअरिंग, इंग्रजी साहित्य आणि कायदा असं शिकलेला हा माणूस पोटापाण्याला वकिली करत होता.

पुढे क्लिफर्ड रॉबर्ट्सच्या साथीने त्याने ऑगस्टा नॅशनल क्लब उभारला. १९३४ पासून तिथे मास्टर्स भरते. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर टाळ्या वाजवू नयेत, असं प्रेक्षकांना सांगणारं निवेदन त्याने १९६७ साली लिहिलं. मात्र हा सभ्यपणा सगळ्यांसाठी नव्हता. या क्लबमध्ये पहिला कृष्णवर्णीय सदस्य यायला १९९० उजाडलं आणि पहिल्या स्त्री सदस्यांना २०१२. जोन्सच्या हयातीत मास्टर्समध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नाही. त्याच्या चांगुलपणाचे किस्से सांगताना ही बाजू बहुतेक वेळा गाळली जाते.

१९४८ मध्ये नियतीने भलताच डाव टाकला. मज्जारज्जूत पोकळी होणारा सिरिंगोमायेलिया हा आजार. हातपाय जड झाले. त्या वर्षी ईस्ट लेकला तो शेवटचं खेळला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण उपयोग झाला नाही. आधी काठी, मग पायांना आधाराच्या पट्ट्या, शेवटी चाकाची खुर्ची. चेंडूपाशी सेकंदभरही न रेंगाळणाऱ्या माणसाला खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला लोकांनी थांबावं लागू लागलं. त्याने दुखण्याचा पाढा कधी वाचला नाही.

आज गोल्फच्या नियमांतच फटका ४० सेकंदांत मारावा अशी शिफारस आहे. २०१९ पासून हरवलेला चेंडू शोधायला पाच ऐवजी तीन मिनिटं मिळतात. मागचा गट वेगवान असेल तर त्याला पुढे जाऊ द्यावं असंही सांगितलं जातं. तरी संथ खेळावरची भांडणं काही संपलेली नाहीत.

सेंट अँड्र्यूजने मात्र जोन्सला माफ केलं होतं. १९२७ ला तो तिथेच ब्रिटिश ओपन जिंकला आणि करंडक तिथेच राहू द्या म्हणाला. १९३६ साली न सांगता एक फेरी खेळायला गेला तर गावातले हजारो लोक मैदानात आले. १९५८ मध्ये त्याला गावाचं मानद नागरिकत्व मिळालं. बेंजामिन फ्रँकलिननंतर हा मान मिळालेला तो पहिला अमेरिकन. चालता येत नव्हतं म्हणून सभागृहात तो आपल्या विजेच्या गाडीतून आला, आणि निघताना लोकांनी उभं राहून निरोपाचं जुनं स्कॉटिश गाणं म्हटलं.

१८ डिसेंबर १९७१ ला जोन्स गेला. ओल्ड कोर्सच्या प्रत्येक होलला जुनं नाव आहे, फक्त दहाव्याला नव्हतं. तो होल आता बॉबी जोन्सच्या नावाने ओळखला जातो. तो खेळून झाला की पुढचा अकरावा, जिथे १९ वर्षांच्या जोन्सने चेंडू उचलला होता.