सव्वासात तासांचा प्रवास

आम्ही खांदा कॉलनीत राहतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने सुटू लागली. तेव्हापासून आमची आजी गच्चीत पापड वाळत घालताना हटकून वर बघते आणि विचारते, हे किती वेळात पोचत असेल गं? उत्तर शोधताना मला जे. आर. डी. टाटा यांची माहिती मिळाली.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे ब्लेरिओ हे फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांचे शेजारी होते. लहानपणीच त्यांना विमानाचे वेड लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिलाच परवाना होता.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन ते एकटे कराचीहून निघाले. कराची तेव्हा भारतातच होती. विमान एका इंजिनाचे, छोटेसे. सकाळी ६.३५ ला उड्डाण, अहमदाबादला मुक्काम पेट्रोलपुरता. तिथे पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले! दुपारी १.५० ला ते जुहूला उतरले. अंतर सुमारे १०३० किलोमीटर, वेळ सव्वासात तास. मी भागाकार केला. ताशी १४२ किलोमीटर आले. त्यात थांबण्याचा वेळही धरला आहे. आजचे जेट विमान एवढे अंतर दीड-दोन तासांत कापते. मी आजीला सांगितलं, नुसतं अंतर बघून वेळ कळत नाही, वाटेतले थांबेही मोजावे लागतात.

पण मला जास्त आवडली ती १९३० सालची गोष्ट. भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने विमान नेण्याची शर्यत होती. टाटा भारतातून निघाले होते, तर सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये दोघे भेटले. अस्पींचे विमान प्लगवाचून अडले होते. टाटांनी आपल्याजवळचा प्लग त्यांना दिला. अस्पी काही तास आधी पोचले आणि जिंकले. पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले.

ही गोष्ट वाचून मला लाज वाटली. गेल्या चाचणीत माझ्या शेजारच्या मुलीच्या पेनातली शाई संपली. माझ्या दप्तरात दुसरं पेन होतं. ती नेहमी माझ्यापुढे असते, म्हणून मी दिलं नाही. माझा नंबर वर आला, पण घरी सांगताना आनंद वाटेना.

१९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, टाटांनी तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी ते वारले.

मी त्या मुलीला सगळं सांगितलं आहे. आता परीक्षेला मी दोन पेनं आणते. एक माझं, एक लागेल त्याचं.