कोल्हापूरच्या फुटबॉल टीमांना तालमींची नावं का? गोष्ट सुरू होते शाहू महाराजांपासून

बीड जिल्ह्यातल्या गावची जत्रा म्हटलं की कुस्त्यांचा फड आलाच. सुरुवातीला बारक्या पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात, ऊन उतरायला लागलं की मोठे गडी आखाड्यात येतात आणि शेवटी मानाची कुस्ती. इनामाची रक्कम गावाच्या वर्गणीतून आलेली असते, त्यामुळे फडाभोवती बसलेल्या प्रत्येकाचा त्यात थोडाफार वाटा असतो. पाटोदा तालुक्याचा राहुल आवारे याच मातीतून वर आला आणि 2018 ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं घेऊन आला.

आता याच जिल्ह्यात फुटबॉलची मॅच ठेवली तर किती लोक येतील? खेळणाऱ्यांचे मित्र, दोन-चार शिक्षक आणि मैदानाच्या कडेने जाता जाता थांबलेले काही जण.

तिकडे कोल्हापुरात मात्र उलटं चित्र दिसतं. देशाच्या मोठ्या लीगमध्ये कोल्हापूरची टीम नाही. जे काही आहे ते शहराच्या पेठांचं फुटबॉल. तरीही पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आल्या की शाहू स्टेडियम भरून जातं. बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी... ही सगळी फुटबॉल टीमांची नावं. तालीम म्हणजे कुस्तीची जागा. मग फुटबॉलच्या टीमचं नाव तालीम कसं?

याचं उत्तर शोधायला एका अशा माणसाच्या आयुष्यात शिरावं लागतं, ज्याचा फुटबॉलशी संबंध कुणी सहसा जोडत नाही.

26 जून 1874. कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. वडील जयसिंगराव, आई राधाबाई. आई लवकर गेली. इकडे कोल्हापूरच्या गादीवर बसलेले चौथे शिवाजी महाराज इंग्रजांच्या कैदेत अहमदनगरच्या किल्ल्यात 25 डिसेंबर 1883 ला वारले. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी 17 मार्च 1884 रोजी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि दहा वर्षांचंही नसलेलं पोर शाहू छत्रपती झालं. राजकोटचं राजकुमार कॉलेज, मग धारवाडला फ्रेजर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली शिक्षण. 1891 ला बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न. 2 एप्रिल 1894 ला कारभार हातात आला तेव्हा वय होतं अवघं एकोणीस.

गडी अंगाने धिप्पाड. कुस्तीचा नाद लहानपणापासूनचा, स्वतः लाल मातीत उतरलेला. शिकारीचा शौक, हत्तींच्या साठमारीचा शौक. त्या काळचे बहुतेक राजे शौकीनच होते, त्यात नवल काही नाही. फरक असा की बाकीच्यांचे शौक राजवाड्याच्या आत राहिले आणि या राजाने आपला शौक गावाच्या मालकीचा करून टाकला.

गादीवर आल्या आल्या त्यांच्या हातात काय होतं? संस्थान लहान, वर इंग्रजांचा पोलिटिकल एजंट, आणि दरबारातल्या मोठ्या जागांवर जवळपास एकाच जातीची माणसं. 1899 च्या सुमाराला पंचगंगेवरच्या स्नानाच्या वेळी वेदोक्त प्रकरण घडलं. छत्रपतींसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जात होते, कारण पुरोहिताच्या लेखी राजाही शूद्रच होता. राजाची ही गत, तर रयतेचं काय? तिथून महाराजांच्या कामाची दिशा पक्की झाली. 1901 पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहायला लागली. 26 जुलै 1902 ला मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. हे सगळं पाठ्यपुस्तकात असतं.

पाठ्यपुस्तकात कमी येते ती दुसरी गोष्ट. लोकांना एखाद्या जागेकडे ओढून आणायचं आणि तिथे टिकवायचं कसं, हे या माणसाला नेमकं कळलं होतं.

1895 मध्ये त्यांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. चार वर्षांपूर्वीच मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती. पण नुसता बाजार बांधला म्हणून व्यापारी येत नाहीत. त्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या, आणि हळूहळू तिथे गुळाची मोठी बाजारपेठ उभी राहिली.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट तर आख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. अस्पृश्य समाजातल्या या माणसाने महाराजांच्या मदतीने कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. हॉटेल निघालं, पण गिऱ्हाईक कुठून येणार? महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घ्यायला लागले, सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावला. राजा जिथे बसतो तिथे न बसून सांगता कुणाला? हुकूम काढून जे झालं नसतं ते एका कपाने सुरू झालं.

कुस्तीतही त्यांनी हेच केलं.

1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं कलोसियम पाहिलं. परत आल्यावर कोल्हापुरात तसंच गोल मैदान बांधायचं डोक्यात घेतलं. 1907 ला काम सुरू झालं आणि 1912 ला खासबाग मैदान तयार झालं. मधोमध आखाडा, त्याच्याभोवती वर चढत जाणारी गोल बैठक. कुठेही बसा, मधे आडोसा नाही, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसतो. तीसेक हजार माणूस बसेल एवढी जागा.

जरा थांबून विचार करा. तो काळ असा होता की देवळात कुणी कुठवर जायचं, पाणवठ्यावर कुणी कुठून पाणी भरायचं, हे जन्मावर ठरत होतं. अशा वेळी हजारो माणसं एका उतारावर खांद्याला खांदा लावून बसतात आणि एकाच डावावर ओरडतात. आपल्याकडे मैदानं बांधताना आधी मानकऱ्यांच्या खुर्च्यांचा विचार होतो. खासबाग बांधताना शेवटच्या रांगेचा झाला होता.

खासबागला लागूनच त्यांनी पॅलेस थिएटर बांधलं, ते 1915 ला सुरू झालं. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळालं. एका इमारतीसाठी शहर रडतं म्हणजे काय, ते त्या रात्री कोल्हापुरात दिसलं.

तर मुद्दा खासबागचा. मैदान बांधणं सोपं, ते भरतं ठेवणं अवघड. त्यासाठी महाराजांनी दोन्ही टोकांना काम केलं. एका टोकाला नामांकित मल्ल. पंजाबपासूनचे पैलवान कोल्हापुरात आले, त्यांना दरबारातून खुराक मिळाला. मोठं नाव आलं की बघायला गर्दी येणारच. पण बाहेरचा पैलवान निघून गेला की गर्दीही निघून जाते. म्हणून दुसऱ्या टोकाला तालमी. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही नावं कुस्तीतल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाहीत. पेठापेठांतल्या लहानमोठ्या तालमींनाही राजाश्रय मिळाला. आता आखाड्यात उतरणारा गडी अनोळखी राहिला नाही. तो शेजारच्या बोळातला, सकाळी डोक्यावर माती घेऊन घरी जाताना रोज दिसणारा पोरगा होता. तो जिंकला तर पेठ जिंकली.

आणि तालीम म्हणजे फक्त कुस्ती नव्हे. गणपती तिथेच बसतो, मोहरमचे पंजे तिथेच बसतात. बाबूजमाल तालमीत तर गणपती आणि पंजा यांची परंपरा एकाच छपराखाली चालत आली आहे. भांडण झालं तर मिटवायला तालीम, लग्नकार्याला पोरं हवी असली तर तालीम. माणूस कुस्तीचा शौकीन नसला तरी तालमीचा असतोच.

महाराजांची शेवटची वर्षं जड गेली. 12 जून 1918 ला धाकटे चिरंजीव शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. तरुण, नुकतंच लग्न झालेलं पोर. त्या घावातून महाराज पुरते सावरले नाहीत. पण काम थांबलं नाही. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची सुरुवात 1917 ला झाली होती, ती पुढे रेटली. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांना लोकांसमोर पुढे केलं. 6 मे 1922 ला मुंबईत महाराज गेले. वय 47.

आता खरी परीक्षा होती. राजा गेला की राजाश्रयाचं काय होतं? थोरले चिरंजीव राजाराम महाराज गादीवर आले, त्यांनी बरंच सांभाळलं. पण 1949 ला संस्थानच मुंबई प्रांतात विलीन झालं. दरबाराची तिजोरी बंद. कोल्हापुरात शिकलेले खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला निघाले तेव्हा पैशांची जुळवाजुळव लोकांनी केली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

दरम्यान पेठेतल्या पोरांच्या पायाला फुटबॉल लागला होता. 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झालं, तेच आजही शहराच्या लीगचा कारभार बघतं. पण नवीन खेळासाठी नवीन क्लब, नवीन नाव, नवीन समर्थक असं काही करावंच लागलं नाही. पेठेची पोरं, पेठेची तालीम, पेठेचे लोक. सगळं आधीच तयार होतं, फक्त खेळ बदलला. ज्या बापाने मुलाला खांद्यावर बसवून खासबागेत कुस्ती दाखवली, त्याच्या घरातलं पुढचं पोर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसायला लागलं. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

इथे बीडची आठवण पुन्हा काढावी लागते. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, 1956 पर्यंत. आणि त्या काळात भारतातलं सगळ्यात भारी फुटबॉल कुठे होतं? हैदराबादेत. हैदराबाद सिटी पोलीसने 1950 ते 1954 असा सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी 1951 आणि 1962 ला भारताला आशियाई सुवर्ण मिळवून दिलं. म्हणजे बीडकर ज्या राज्यात राहत होते, त्याच्या राजधानीत देशातली सर्वोत्तम टीम होती. पण ती टीम पोलीस खात्याची होती. रहीम साहेब 1963 ला गेले आणि हैदराबादच्या फुटबॉलची जुनी शान ओसरत गेली. बीडपर्यंत तर तो खेळ लोकांचा म्हणून कधी पोहोचलाच नाही.

मुंबईचं उदाहरण अजून अलीकडचं. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकली. 2010 ला कंपनीने टीम बंद करायचं ठरवलं आणि टीम बंद झाली. देशाचा माजी विजेता एका निर्णयात संपला. कोल्हापूरची एखादी तालीम लीगमध्ये शेवटून पहिली आली तरी ती बंद कोण करणार? मालक कोण, हेच सांगता येत नाही.

अर्थात सगळंच गोड नाही. जी पेठेची अस्मिता स्टेडियम भरते, तीच कधी कधी स्टेडियमबाहेर दगड उचलते. समर्थकांच्या हाणामाऱ्या झाल्या, पोलीस केसेस झाल्या. पोराबाळांना घेऊन येणारा माणूस अशा वेळी घरी बसतो, आणि एकदा घरी बसलेला प्रेक्षक परत आणणं किती अवघड असतं, हे आयोजकांना विचारावं. जिंकण्याच्या ईर्ष्येपायी टीमांनी नायजेरियातून खेळाडूही आणले. खेळ वेगवान झाला, गर्दीही झाली. पण पंजाबी पैलवान आला म्हणून खासबाग भरायचं आणि तो गेला की रिकामं व्हायचं, ही भीती शाहू महाराजांच्या काळातली आहे. तिच्यावरचा उपाय तेव्हाही बोळातला पोरगाच होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला 17 वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला तेव्हा मॅच दिल्लीत होती आणि टीव्हीसमोर कोल्हापूर होतं.

बीडचे ऊसतोड कामगार दरवर्षी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे येतात. त्यांचा तोडीचा हंगाम आणि कोल्हापूरच्या फुटबॉलचा हंगाम बराचसा एकाच वेळी चालतो. फुटबॉलच्या स्पर्धा ऐन रंगात आलेल्या असतात तेव्हा पट्टा पडलेला असतो, टोळ्यांचे ट्रॅक्टर गावाकडे निघालेले असतात. तिकडे चैत्राच्या जत्रा लागलेल्या असतात, आणि फडासाठी घरटी वर्गणी गोळा व्हायला सुरुवात झालेली असते.