न्यायमूर्ती केशवराव कोरटकर आणि विवेकवर्धिनीचे व्यासपीठ

हैदराबादेतील मराठी समाजाच्या सार्वजनिक जीवनाचा प्रारंभ कोठून धरावा, असा प्रश्न निघाला की कै. केशवराव कोरटकर यांचे नाव आपोआप पुढे येते. निष्णात वकील, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, आर्य समाजाचे अध्वर्यू, विवेकवर्धिनीचे संस्थापक अशा अनेक नात्यांनी त्यांचे स्मरण केले जाते, आणि ते यथोचितच आहे. परंतु या सर्व कार्यांना जोडणारा एक धागा सहसा कोणी उलगडून दाखवीत नाही. ज्या राज्यात प्रजेला चारचौघांत बोलण्याचीही मुभा नव्हती, तेथे बोलण्यासाठी जागा उभी करणे, हा तो धागा होय.

केशवरावांचा जन्म १८६७ सालचा, आजच्या हिंगोली जिल्ह्यातील पुरजळ या गावचा. घरची स्थिती बेताची. शिक्षणाच्या निमित्ताने ते गुलबर्ग्यास गेले, तेथेच वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी व्यवसायास आरंभ केला आणि १८९६ च्या सुमारास ते हैदराबादेस आले. फारसीच्या जागी उर्दू ही दरबारची भाषा होऊन तेव्हा दहाएक वर्षे लोटली होती. वकिलाने घरी कोणतीही भाषा बोलावी, कचेरीत मात्र उर्दूतच दावा मांडावा, असा शिरस्ता होता. मराठवाड्याचे पाच जिल्हे मराठी, तीन जिल्हे कानडी आणि उरलेला मोठा प्रदेश तेलुगू. राज्याची जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, तरी राज्यकारभारात त्या भाषेला स्थान नव्हते. मराठीचीही गत फारशी निराळी नव्हती. या वस्तुस्थितीचा विसर पडला तर पुढे जे घडले त्याचे मर्म ध्यानी येणार नाही.

हैदराबादेत आर्य समाजाची स्थापना १८९२ मध्ये झाली होती. केशवराव त्याचे आधारस्तंभ झाले. मूर्तिपूजा, बालविवाह, जातिभेद या विषयांवर आर्य समाजाची मते जितकी प्रखर, तितकीच त्याची शास्त्रार्थाची पद्धतही लोकांना आकर्षून घेणारी होती. दोन पक्ष समोरासमोर बसावेत, एकाने सिद्धान्त मांडावा, दुसऱ्याने तो खोडून काढावा आणि श्रोत्यांनी दोहोंचे ऐकून घ्यावे, अशी ही जुनी परंपरा. प्रतिपक्षाला पुरते बोलू दिल्यावाचून त्याचा पराभव झाला असे म्हणता येत नाही, हा तिचा अलिखित दंडक. न्यायालयाचा दंडकही तोच. केशवरावांचे दिवस न्यायालयात जात आणि संध्याकाळ समाजात. दोन्ही ठिकाणी वादी-प्रतिवादी होतेच!

लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह होता. राष्ट्रीय शिक्षणाचे वारे महाराष्ट्रात वाहत असता निजामाच्या राजधानीत मराठी मुलांसाठी स्वतंत्र शाळा असावी, या विचारातून १९०७ मध्ये विवेकवर्धिनी उभी राहिली. या कामी पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्यासारखा चित्रकार आणि वेदाभ्यासक त्यांच्या जोडीस होता. मराठी शाळा म्हटली की स्नेहसंमेलन, वक्तृत्वस्पर्धा आणि वादविवाद ओघाने आलेच. परंतु हैदराबादेत या गोष्टींना जे मोल होते ते पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला कळणे कठीण. तेथे शाळेत बोलायला शिकलेला मुलगा उद्या एखादी जाहीर सभा गाजवू शकत होता. येथे तशी सभाच दुर्मीळ.

१९२१ च्या फर्मानाने राजकीय सभांना सरकारी परवानगी आवश्यक ठरविली; १९२९ च्या कुप्रसिद्ध गश्ती क्रमांक ५३ ने हे बंधन अधिकच आवळले. परिणाम असा झाला की, संस्थानातील प्रजेच्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरू लागल्या : १९२३ मध्ये काकीनाडा, १९२६ मध्ये मुंबई, १९२८ मध्ये पुणे आणि १९३१ मध्ये अकोला. आपल्या राज्याविषयी चार शब्द बोलण्यासाठी आगगाडीचे तिकीट काढून सरहद्द ओलांडावी लागे. राज्यात उरली ती सामाजिक सुधारणेची, शिक्षणाची व ग्रंथालयांची चळवळ. तिच्या आश्रयाने जे बोलता येईल ते बोलावयाचे. म्हणून विवेकवर्धिनीचे सभागृह हे शाळेचे सभागृह एवढेच राहिले नाही; सबंध राज्यातील सुशिक्षितांचे ते बोलण्याचे ठिकाण बनले.

याच सभागृहात १२ नोव्हेंबर १९२१ रोजी सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. राज्याच्या सर्व भागांतून प्रतिनिधी आले होते. मराठीतून भाषणे झाली, उर्दूतून झाली, इंग्रजीतूनही झाली. ती सर्व शांतपणे ऐकली गेली. मग अलमपल्ली वेंकटरामराव हे वकील ठरावावर बोलावयास उभे राहिले आणि त्यांनी तेलुगूत आरंभ केला. श्रोत्यांतून गलका झाला, टाळ्या पिटण्यात आल्या, हेटाळणी झाली. वक्त्याला भाषण पुरे करता आले नाही.

केशवरावांच्या चरित्रात हा प्रसंग सहसा सांगितला जात नाही. तेलुगू चळवळीच्या इतिहासात मात्र तो पहिल्या पानावर आहे. गलका करणारे सरकारी हस्तक नव्हते. सुधारणेच्या ठरावांसाठी जमलेली ती सुशिक्षित मंडळी होती आणि त्यांत मराठी भाषकांचा भरणा मोठा होता. शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत प्रतिस्पर्धी विद्यार्थी बोलताना कोणी हुल्लड केली तर गुरुजी त्याला बाहेर उभे करतात; येथे थोरांच्या सभेत तो नियम चालला नाही. अध्यक्ष कोण, तर ज्यांनी १९१६ मध्ये मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारे महिला विद्यापीठ स्थापन केले ते कर्वे. उर्दूच्या वर्चस्वाने दुखावलेल्यांनीच तेलुगूला हसावे, यात जी विसंगती आहे ती लपविण्यात अर्थ नाही. आपल्यावर झालेला अन्याय चटकन दिसतो, आपल्या हातून होणारा दिसत नाही, हे मराठी समाजाच्याही बाबतीत खरे ठरले.

तेलुगू कार्यकर्ते त्याच रात्री एकत्र जमले आणि आंध्र जन संघाची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव प्रभृतींनी तो वाढविला. १९३० मध्ये जोगीपेठ येथे सुरवरम प्रताप रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन भरले. मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद परतूर येथे भरली ती १९३७ साली. म्हणजे ज्यांना बोलू दिले नाही ते संघटनेत सात वर्षे पुढे निघून गेले!

केशवराव १९३२ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र विनायकराव कांगडीच्या गुरुकुलात शिकून विद्यालंकार झाले, पुढे विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले आणि वडिलांप्रमाणेच आर्य समाजाच्या कार्यात अग्रभागी राहिले. नारायणगुडा येथे १९४० मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ केशव स्मारक शाळा सुरू झाली. १९५२ साली हैदराबाद राज्यात निवडणुकीने सरकार आले तेव्हा मुख्यमंत्री झाले ते आंध्र जन संघात घडलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले बुर्गुल रामकृष्णराव. त्यांच्या मंत्रिमंडळात विनायकराव मंत्री होते. १९५६ मध्ये ते राज्य भाषावार विभागले गेले. तोवर तेथील विधानसभेत सभासद आपापल्या भाषेत उभे राहून बोलत. त्या सभेच्या छापील कामकाजात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू आणि इंग्रजी भाषणे ज्याच्या त्याच्या लिपीत एकामागून एक वाचावयास मिळतात.