थोरल्या शाहूंचा खंड्या

मराठेशाहीत पालखीचा मान मिळविलेला एक कुत्रा होऊन गेला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

त्याचे धनी थोरले शाहू महाराज. जन्म १६८२ चा. १६८९ मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. सुटका झाली ती औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ साली. पुढच्याच वर्षी साताऱ्यास राज्याभिषेक झाला. महाराज स्वभावाने सौम्य. माणसे धाकापेक्षा मायेने जोडणारे. शिकारीचा आणि कुत्र्यांचा त्यांना भारी शौक. वाघाच्या शिकारीत एका लाडक्या कुत्र्याने त्यांचा जीव वाचविला, तेव्हा महाराजांनी त्याला जहागिरीची सनद आणि पालखी दिली, अशी नोंद ग्रँट डफच्या इतिहासात आहे. लोक त्याला खंड्या म्हणतात. १७४९ मध्ये महाराज निवर्तले. संगम माहुलीस आजही खंड्याची समाधी दाखवितात.

वाघावर जाणारा कुत्रा माणसांतही वावरता आला पाहिजे. ट्रॉयमध्ये ज्यांच्या घरी जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर आहे, त्यांनाही हेच लागू. पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचे असते तो काळ मोलाचा. पशुवैद्याला विचारून तेव्हाच पाहुणे, मुले, मोटारी, इतर कुत्री यांची हळूहळू ओळख करून द्यावी. सांगितलेले ऐकले की लगेच शाबासकी आणि खाऊ द्यावा. नियम मात्र घरातल्या सर्वांचे एकच असावेत. मारझोडीने हट्टी कुत्रा सुधारत नाही, भितो. आणि भ्यालेला कुत्रा चावतो. खंड्यासारखी निष्ठा हवी, तर आधी धन्याने माया लावावी.