केरीसाहेबांचे घर

मराठीत नवा करार १८११ साली प्रथम छापून निघाला, तो डॉ. विल्यम केरी (१७६१–१८३४) यांच्या श्रमाने. केरीसाहेब शाळेत फार शिकले नव्हते. इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये ते जोडे शिवण्याच्या दुकानात उमेदवार होते. तेथील एका पुस्तकात ग्रीक शब्द दिसले, ते त्यांनी उतरून घेतले आणि एका जाणत्या विणकराकडून समजावून घेतले. ग्रीक, लॅटिन, इब्री या भाषा ते काम करता करताच शिकले. भिंतीवर जगाचा नकाशा लावून ते सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थना करू लागले.

आणि घर? पत्नी डोरोथीबाईंना १७८१ साली लग्नाच्या वेळी सहीदेखील करता येत नव्हती. हिंदुस्थानात येण्यास त्यांचे मन घेईना. १७९३ साली कशाबशा निघाल्या. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये पाच वर्षांचा पीटर वारला, आणि त्यांचे मन कायमचे बिघडले. १८०७ साली त्या वारल्या, तोवर केरीसाहेबांनी त्यांना घरीच सांभाळले. मुलांकडे मात्र त्यांचे लक्ष पुरले नाही. सेरामपूरला त्या मुलांना वळण लावले ते हॅना मार्शमनबाईंनी व वॉर्डसाहेबांनी.

त्यांना उणे लेखावे म्हणून आम्ही हे लिहीत नाही. आम्हीही रात्री जागून संडे स्कूलचा प्रीतीविषयीचा पाठ तयार करतो. त्याच वेळी घरात कोणी आमच्या दोन शब्दांची वाट पाहत असते. नकाशा भिंतीवर अवश्य असावा. पण भिंतीच्या आत कोण रडत आहे, ते आम्ही आधी ऐकावे.