विश्लेषण : उन्हात नाच टिपायचा तर तयारी काय लागते? दादासाहेब फाळक्यांच्या आयुष्यातून…

मानखुर्दहून सुटलेली लोकल वाशीच्या पुलावर चढते तेव्हा पहाटेचा सूर्य समोर, खाडीच्या पलीकडून वर येत असतो. या भागातल्या नाचणाऱ्या मुलामुलींना हा उजेड चांगला ठाऊक आहे. सकाळचा तास-दीड तास तो चेहऱ्यावर मऊ पडतो, मग कडक होतो आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या उमटतात. तेव्हा मैत्रीण किंवा धाकटा भाऊ पांढरी चादर नाहीतर थर्माकोलचा पत्रा धरून उभा राहतो. खालून उजेड परततो, सावली विरते. फोटो नाचणाऱ्याच्या नावाने मोबाइलवर फिरतो. चादर धरणारा चौकटीबाहेरच राहतो.

ही चादर आपल्याकडे सिनेमाच्या जन्मापासून आहे. ती धरण्याचे काम दादरच्या एका घरातली गृहिणी करत असे. तिचे नाव सरस्वतीबाई फाळके. त्यांचे पती धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब. त्यांच्या नावाचा पुरस्कार आणि गोरेगावची चित्रनगरी सर्वांना माहीत आहे. मोकळ्या उन्हात हलती माणसे, आणि त्यातही नाच, टिपण्यासाठी या माणसाने काय काय जमवले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

फाळके उजेडाकडे कसे वळले?

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत अध्यापनाची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कला महाविद्यालयात दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, साचेकाम, छायाचित्रण, नेपथ्य असे जे हाताला लागेल ते त्यांनी शिकून घेतले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तिथल्या प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल दगावले आणि ते गाव सुटले.

पुढची काही वर्षे एका धंद्यातून दुसऱ्यात जाण्याची आहेत. जादूचे प्रयोगही करून झाले. त्यासाठी आडनावाची अक्षरे उलटी फिरवून त्यांनी प्रोफेसर केळफा असे नाव घेतले होते. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर सासरी सरस्वती झाल्या. १९०३ पासून फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशाकार होते. स्वदेशीच्या चळवळीत ती नोकरी सोडून ते छपाईकडे वळले. आधी लोणावळा, मग दादर. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटेना, तेव्हा तो छापखानाही सोडला. तोवर वय चाळिशीपार गेले होते आणि उत्पन्नाचा भरवसा नव्हता.

१९११ मध्ये गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि हेच काम करायचे असे ठरवले. त्यानंतर मिळतील तितके चित्रपट पाहणे आणि रात्र रात्र प्रयोग करणे सुरू झाले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टीच गेली. मुंबईतल्या डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. घरात कमावता माणूस एकच आणि त्याला दिसेनासे झालेले! अशा वेळी घरच्यांनी हा नाद सोड म्हटले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. सरस्वतीबाईंनी उलट दागिने काढून दिले.

आधी वाटाण्याचे रोप का?

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांना काम पाहता आले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची खरेदी ठरवून ते १ एप्रिलला परतले. पैसे उभे करायचे तर कोणाला तरी काहीतरी करून दाखवायला हवे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा जागचा न हलवता महिनाभराहून अधिक काळ रोज चौकटी टिपल्या. पडद्यावर ते रोप मिनिटभरात मातीतून वर येऊन झुलू लागले. ‘अंकुराची वाढ’ ही ती छोटी फिल्म. ती पाहून कर्ज मिळाले.

नाचाच्या चित्रणाचा पहिला धडाही या कुंडीत सापडतो. हालचाल टिपायची तर कॅमेरा आणि उजेड या दोन गोष्टी आपल्या ताब्यात असाव्या लागतात. नाचणारे शरीर तसेही कोणाच्या ताब्यात राहत नाही.

त्या काळी उन्हाशिवाय पर्याय का नव्हता?

तेव्हाची फिल्म आजच्या मानाने फार मंद होती, तिला भरपूर उजेड लागे. विजेचे मोठे दिवे इथे परवडणारे नव्हते. म्हणून चित्रण दिवसाच चाले, देखावे छप्पर न घालता मोकळ्यावर उभारले जात. कॅमेरा हाताने फिरवायचा. सेकंदाला साधारण दोन फेरे घातले की सोळा चौकटी पडत. एका चौकटीला उजेड मिळे तो सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपास. हात झपकन फिरला की बोटे पुसट व्हायची. आजचा मोबाइल कडक उन्हात सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यातही चित्र घेतो, त्यामुळे गिरकीतला पदर हवेत गोठल्यासारखा दिसतो. फाळक्यांच्या काळात नाचणाऱ्याला वेगाला लगाम घालावा लागे आणि मुद्रा क्षणभर धरून ठेवावी लागे.

दुसरी अडचण रंगांची. ती फिल्म निळ्याला चटकन प्रतिसाद देई, लाल मात्र तिला जवळपास दिसतच नसे. लाल शालू काळा येई, निळे वस्त्र फिकट आणि आकाश पांढरेफटक. कपडा डोळ्यांना कसा दिसतो यापेक्षा काळ्या-पांढऱ्यात कसा उतरेल हे आधी ओळखावे लागे. रंगीत छपाईचे काम केलेल्या माणसाला हे गणित सोपे गेले असावे. आजही हा नियम थोडा बदलून लागू पडतो. खाडीकाठच्या धुरकट सकाळी राखाडी किंवा फिकट कपडे मागच्या हवेत विरून जातात, गडद हिरवा किंवा भगवा उठून दिसतो.

घरातले किती जण या तयारीत होते?

सगळेच. दादरच्या बंगल्यातच कंपनी होती. ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण व्हायला सहा महिने २७ दिवस लागले. त्या काळात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे होता. कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, ती कॅमेऱ्यात भरणे, रात्री रसायनांत धुणे ही कामेही त्या शिकल्या. आणि दिवसा चित्रण सुरू झाले की पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. चादर एका जागी धरून भागत नाही. ऊन सरकेल तसा तिचा कोन बदलावा लागतो आणि वाऱ्यात ती फडफडली तर चेहऱ्यावरचा उजेडही थरथरतो. ज्याने कधी अर्धा तास चादर धरली आहे त्याला हे खांद्यातून कळते.

फाळक्यांनी तारामतीची भूमिका त्यांना देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली. हातातली कामे पाहता दुसरे काय करणार होत्या? भूमिका करायला दुसरी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या खानावळीतले अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिताश्व झाला घरचाच भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. त्याच्यासोबत त्याच खेळात आयरीन डेलमार नावाच्या बाईंचा नाच आणि पायांनी कसरत करणाऱ्या एका कलाकाराचे कामही होते. नाच अजून पडद्याच्या बाहेर, रंगमंचावर होता.

वांगणीत नेमके काय घडले?

वनातल्या प्रसंगांसाठी मंडळी वांगणीला गेली. कल्याणपुढे कर्जतच्या वाटेवरचे हे गाव. तलवारी-भाले घेतलेली अनोळखी माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखे वाटले. प्रकरण पाटील आणि पोलिसांपर्यंत गेले, मंडळी अडकली. सिनेमा हा शब्दच ओळखीचा नव्हता. शेवटी कॅमेरा कसा चालतो ते प्रत्यक्ष दाखवून समजूत घालावी लागली.

आज तलवारी पाहून कोणी घाबरणार नाही, पण मोकळ्यावर चित्रण करायचे तर जागेची चौकशी आधी करावी हे तेव्हाइतकेच खरे आहे. मानखुर्दपुरते सांगायचे तर रेल्वेच्या रुळांवर उतरणे हा गुन्हा आहे आणि जिवावरचा धोकाही. खाडीतली खारफुटी संरक्षित आहे, ठाणे खाडीचा मोठा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्यात मोडतो. अणुशक्तीनगर शेजारी असल्याने ड्रोन उडवण्याचा विचारही करू नये. शिवाय भरतीची वेळ पाहिलेली बरी. काठावरचा चिखल कोरडा दिसतो तसा नसतो आणि अनवाणी नाचणाऱ्याला ते फार उशिरा समजते.

नाच पडद्यावर केव्हा आला?

ऑक्टोबर १९१३ मध्ये फाळके नाशिकला गेले. तिथे केलेला ‘मोहिनी भस्मासुर’ हा त्यांचा दुसरा मोठा चित्रपट. त्याची कथाच नाचावर उभी आहे. मोहिनी नाचते, भस्मासुर तिची नक्कल करतो आणि तिच्या मुद्रेमागोमाग स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. इथे नाच वगळला तर गोष्टच उरत नाही. ही भूमिका जेमतेम तेरा-चौदा वर्षांच्या कमलाबाईंनी केली, पार्वती झाल्या त्यांच्या आई दुर्गाबाई कामत. दोघी नाटकातून आलेल्या. सिनेमात काम करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणून त्यांची नोंद होते. कमलाबाई पुढे गोखले झाल्या. अभिनेते चंद्रकांत गोखले त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले नातू. दुर्गाबाई आणि कमलाबाईंनी ज्या काळात हे केले, त्या काळात कॅमेऱ्यासमोर उभे राहणे हे बदनामीला आमंत्रण होते. आजही घरी न सांगता नाचाचे फोटो काढणाऱ्या मुलींना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

तो चित्रपट आज पाहता येत नाही, त्याची प्रत उरलेली नाही. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मात्र उरला आहे. त्यात डोहातल्या नागाला नमवून त्याच्या फण्यावर नाचणारा कृष्ण म्हणजे फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. मूकपटात आवाज नोंदवला जात नसे, त्यामुळे चित्रण चालू असताना दिग्दर्शक मोठ्याने सूचना देऊ शके. मुलांसोबत काम करताना ही मोठीच सोय. कॅमेरा एका जागी रोवलेला असल्याने नाचणाऱ्याला मात्र चौकटीची हद्द पायांना पाठ करून ठेवावी लागे.

शेवटची वर्षे कशी गेली?

‘लंका दहन’ (१९१७) जोरात चालला. १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. घरच्या कारखान्याला आता हिशेब विचारणारे भागीदार आले आणि फाळक्यांचे त्यांच्याशी जमले नाही. ते कंपनी सोडून कुटुंबासह काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले, पुन्हा परत आले. पहिल्यासारखे दिवस आले नाहीत. बोलपट आल्यावर तर त्यांची पद्धतच जुनी ठरली. कोल्हापूरसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट, आणि शेवटचाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार केंद्र सरकारने १९६९ मध्ये सुरू केला.

‘कालिया मर्दन’ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला आहे आणि मोबाइलवर शोधला तर पाहायलाही मिळतो. सुरुवातीला कृष्ण नाही, साध्या वेषातली मंदाकिनी आहे. कथेआधी ती मोकळ्या उजेडात राग, हसू, भीती असे एकेक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. तिचा चेहरा नीट बघा. डोळ्यांखाली काळी सावली दिसत नाही.