वास्तू गेली, विद्या राहिली

आपल्या ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविली ती कै. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी. तीच विद्या दरबाराच्या दिवाणखान्यातून साध्या गृहस्थाच्या घरी पोचविण्याचे श्रेय त्यांचे शिष्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे.

कुरुंदवाडास १८ ऑगस्ट १८७२ रोजी एका कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळे अधू झाले, शाळा सुटली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवांपाशी त्यांचे गाण्याचे शिक्षण सुरू झाले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. एखाद्या संस्थानात आश्रय मिळविणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्या काळी गवयाला बिदागी मिळे, मान मिळत नसे. आणि हीच गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती.

५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. प्रारंभी कोणी फिरकेना, तरी ठरल्या वेळी पंडितजी तंबोरा घेऊन बसत, असे सांगतात. पुढे नेमका अभ्यासक्रम, स्वरलिपी, छापील पुस्तके आणि परीक्षा आल्या. उपदेशक वर्गातील मुलांची राहण्याजेवण्याची सोय विद्यालयातच असे. मात्र शिस्त कडक, व्यसनाला मज्जाव, आणि शिकलेले पुढे शिकविण्याचे बंधन.

१९०८ साली त्यांनी मुंबईत विद्यालय काढले व पुढे त्यासाठी मोठी इमारत उभारली. जलशांची मिळकत ते तिच्यात ओतीत. तरी कर्ज फिटले नाही आणि वास्तू हातची गेली. उत्तरायुष्यात नाशिकच्या आश्रमात ते रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले.

पुष्कळांना वाटले असेल, आता सारे संपले. पण त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय काढले; नारायणराव व्यास आणि प्रो. देवधर यांनी मुंबईत, तर ओंकारनाथ ठाकूर यांनी काशीस विद्यादान केले. या चौघांचे गाणे एकमेकांसारखे नव्हते. गुरूने आपला गळा त्यांना दिला नव्हता. दिली होती ती नेमाची बैठक, निर्मळ राहणी आणि विद्या अडवून न ठेवण्याची सवय.

पंडितजी गेले तेव्हा त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. वडिलांपाशी बसून पुरते शिकण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. त्यांना घडविले विनायकरावांनी आणि नारायणरावांनी. १९५५ साली ऐन तारुण्यात गेलेल्या त्या गोड गळ्याच्या गायकाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. पंडितजींनी परक्यांच्या मुलांना हातचे न राखता जे दिले, तेच त्या मुलांनी गुरूच्या पोरक्या लेकराच्या पदरात घातले. कर्जात बुडालेल्या पित्याने मुलासाठी याहून मोठी ठेव ती कोणती ठेवायची?